एक मात्रा उशिरा

९ फेब्रुवारी, रविवार

सोनम गायली. गोपालपुऱ्यातल्या त्या कॅफेत, वरच्या मजल्यावर. शेवटचं गाणं खिडकीचं. अंतऱ्याच्या तोंडाशी ती थांबली — एक मात्रा — आणि मग 'फिर' म्हणाली.

मी हातातला कप खाली ठेवला.

त्या गाण्यात तिथे थांबत नाहीत. कोणीच थांबत नाही. मी थांबले होते. एकदाच, कॅसेटवर.

बाकी उद्या लिहीन.

१० फेब्रुवारी, सोमवार

नीट लिहून ठेवते.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कल्याणला मामाकडे राहत होते. जयंतीच्या कार्यक्रमांत गायचे. तिथे बापूंनी ऐकलं. बापू म्हणजे अरेंजर — वाद्यं बसवणारे, गाणाऱ्याला हाताने इशारा देणारे. ते 'व्हर्जन' कॅसेटी करायचे. गाजलेली गाणी घ्यायची, माझ्यासारख्यांकडून पुन्हा गाऊन घ्यायची, आणि फलाटावर स्वस्तात विकायची. कव्हरवर लाल साडीतली कोणीतरी बाई. गाणाऱ्याचं नाव कुठेच नाही. लोकांना वाटायचं, मूळच घेतली.

खिडकीचं गाणं त्या वर्षी सगळीकडे वाजत होतं. सिनेमातलं नव्हे, पॉपचं. खिडकीत उभी असलेली मुलगी संध्याकाळ जाताना बघते, एवढंच गाणं. मूळ गायिका अंतऱ्याला धावत येतात. 'फिर' हा पहिला शब्द — सुटती गाडी पकडल्यासारखा. माझ्या वेळी बापूंच्या हातात चहा होता. कप ठेवून हात वर करेपर्यंत एक मात्रा गेली. मी हाताकडे बघत होते, म्हणून मीही मागे राहिले. गाणं संपल्यावर म्हटलं, पुन्हा घेऊ या का? बापू म्हणाले, "राहू दे गं. कोण ऐकतंय!"

दीडेक वर्ष गायले. मग लग्न, मग मनोहरच्या बदल्या — भुसावळ, अजमेर, जयपूर. गाणं सोडलं असं नाही. सुटलं. त्यानंतर मी गायलेली नाही. जयंतीलाही नाही. कोणी आग्रह केला तर घसा धरतो म्हणते.

सोनम म्हणजे पंढरीनाथ भाऊजी आणि सुलोचनाची मुलगी. रेल्वे कॉलनीत आमची आणि त्यांची क्वार्टरं पाठीला पाठ लावून होती. आता दोन्ही घरं प्रताप नगरात, वेगळ्या सेक्टरांत. मुलगी जयपुरातच वाढली. मराठी पूर्ण कळते, अर्धी बोलते.

काल कॅफेच्या जिन्यात विचारलं, हे गाणं कुठून शिकलीस?

"घरीच ऐकलंय ना काकू. बचपन से."

म्हणजे भाऊजींनी कुठल्यातरी फलाटावर ती कॅसेट घेतली असणार. भाऊजी गार्ड. फलाट रोजचेच. ती कॅसेट त्या घरात वाजली. एका लहान मुलीने पाठ होईपर्यंत ऐकली.

सोनमला मी काही बोलले नाही. 'छान गायलीस' म्हटलं. हेच म्हणतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोणीतरी ऐकत होतं, बापू!

१६ फेब्रुवारी, रविवार

तालमीला गेले. सोनमने बोलावलंच होतं. मी आधी कधी गेले नाही, यात माझा आळस.

तिघं आहेत. सोनम गाते. गौरांग गिटार वाजवतो — त्याचे वडील लष्करात सुभेदार, मूळचे साताऱ्याचे. आणि दशरथ. दशरथ जवळच्याच चाकसूचा. तिथल्या शीतला मातेच्या मेळ्यात लहानपणी ढोलक वाजवायचा. आता गोपालपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना गणित शिकवतो, म्हणून रविवारी दुपारी तिथली रिकामी खोली यांना मिळते. फळ्यावर शनिवारची समीकरणं तशीच. दशरथ एका लाकडी पेटीवर बसतो आणि त्याच पेटीवर ताल धरतो. ढोलकच्या मानाने फार सभ्य वाद्य आहे म्हणाला.

बँडचं नाव 'डुप्लीकेट चाबी'. हे काय नाव, म्हटलं. गौरांग म्हणाला, "काकू, फूटपाथवर चाव्यांचा जुडगा घेऊन बसतात ना, ते. ती चावी ओरिजिनल नसते. पण कुलूप उघडतं की!"

यांची एक रीत आहे. नवं गाणं घ्यायचं ठरलं की मूळ कोणी ऐकायचं नाही. फोनवर लावायचं नाही, शब्द शोधायचे नाहीत. ज्याला जसं आठवतं तसं त्याने आणायचं. तिघांचं आठवणं जुळत नाही तिथे सोनमचं चालतं.

"आणि काही आठवलंच नाही तर?"

"तर ते गाण्यात नकोच," गौरांग म्हणाला. "जे लक्षात नाही राहिलं त्याला काय वाजवायचं?"

वीस-बावीस वर्षांचा मुलगा हे गिटार लावता लावता म्हणतो. आम्हाला एम.ए.ला दोन तास लागले असते, तळटिपांसकट.

खिडकीचं गाणं घेतलं. मूळ गाण्यात व्हायोलिनचा मोठा ताफा होता. गौरांगने त्या सगळ्यांच्या जागी एकच तार ठेवली आहे, खालची, जाड. संध्याकाळ तिच्यात मावते. दशरथ पहिलं कडवं बोटांनी वाजवतो, तळवा लावतच नाही. आणि सोनम — तिचा आवाज मोठा नाही. ती तो मोठा करायला जात नाही. शब्द हातातून जमिनीवर ठेवावा तसा ठेवते.

मग ती जागा आली. दशरथने दोन्ही हात पेटीवरून उचलले. गौरांगने तारेवर तळवा ठेवला. सोनमने वर बघितलं. काही नाही. आणि मग — 'फिर'.

माझ्या गाण्यात तिथे वाद्यं चालूच होती. मी फक्त उशिरा आले होते. यांनी त्या उशिराला जागा करून दिली आहे. तिघं मिळून माझी चूक पाळतात, शिस्तीने. आणि तिथेच गाणं उभं राहतं. खिडकीतली ती मुलगी तेवढ्या वेळात काहीतरी ठरवते. काय, ते गाणं सांगत नाही.

मी जी करून विसरले होते ती गोष्ट एवढी चांगली होऊ शकते, हे मला माहीत नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मनोहरना सांगावं का? मी कॅसेटी केल्या हे त्यांना माहीत आहे. कोणत्या, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सिग्नल खात्यातला माणूस. लाल, पिवळा, हिरवा. कौतुकसुद्धा भाजीत मीठ बरोबर पडलंय एवढंच. आज मात्र तक्रार केली — नळ सुरू असला की तुला हाका मारून उपयोग नाही!

नाही सांगितलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा कॅफे. संध्याकाळी पाचपासून भरलेला. सगळी क्लासची मुलं. एका कॉफीवर चौघं बसतात, गाइडं मांडीवर. मालक काही म्हणत नाही.

आज मी गाण्यापेक्षा मुलांकडे बघत होते. दर आठवड्याला येणारी आहेत. अंतऱ्यापाशी ती स्वतःच थांबतात. एक मुलगी चमचा कपात तसाच धरून होती. 'फिर' आल्यावर ढवळायला लागली.

दुसऱ्याचं गाणं गाणारा नक्कल करतो, असं आपण म्हणतो. कविता मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला कोणी तसं म्हणत नाही. सोनम वाचून दाखवते. एवढाच फरक, आणि तो फार आहे.

गाणं संपल्यावर पंढरीनाथ भाऊजी भेटले. मुलीला न्यायला आले होते, खालीच थांबले होते स्कूटरपाशी.

"वर का नाही आलात?"

"वर पोरं पोरं असतात. मी गेलो की सगळे पाय खाली घेतात."

मग त्यांनी सांगितलं. शहरातल्या बँडची स्पर्धा आहे. पहिली फेरी दोन मार्चला, अंतिम तेवीसला. पहिला येईल त्या बँडला एका मोठ्या हॉटेलात वर्षभर दर शनिवारी गायचं काम. सोनमशी त्यांचं ठरलंय — पहिली आली तर गाणं. नाही आली तर एप्रिलपासून रेल्वे भरतीचा क्लास, आणि गाणं बंद.

"बंद म्हणजे?"

"म्हणजे रविवारी आंघोळीला गावं. मी कुठे नको म्हणतो? पण वहिनी, गाण्याला पेन्शन नाही हो!"

सोनम मागे बसली होती. हेल्मेटच्या आतून म्हणाली, "पप्पा, चला ना."

२ मार्च, रविवार

अंतिम फेरीत गेले. पण.

परीक्षक योगेश सर म्हणून आहेत. मुंबईत बरीच वर्षं स्टुडिओत वाजवलं, आता इथे शिकवतात. सोनमचं खिडकीचं गाणं झालं, टाळ्या झाल्या. त्यांनी माइक घेतला.

"आवाज बहुत सच्चा है बेटा. पर अंतरे में लेट हो. ओरिजिनल सुना है कभी?"

सोनम म्हणाली, "यही तो ओरिजिनल है, सर."

हॉल हसला. सरांनी फोनवर मूळ गाणं लावलं आणि माइक फोनला लावला. मूळ गायिकेचा 'फिर' धावत आला, वेळेवर. सगळ्यांनी ऐकलं. सोनमनेही — आयुष्यात पहिल्यांदा.

ती स्टेजवर उभी होती. दशरथ पेटीकडे बघत होता. गौरांग काहीतरी बोलायला गेला, तिने त्याची बाही धरली.

सर वाईट माणूस नाही. कान खरा आहे. शेवटी म्हणाले, "फायनल में ठीक करके आना. बाकी कुछ मत छूना."

मी तिसऱ्या रांगेत होते. उठून सांगता आलं असतं. काय सांगणार? ती चूक तिची नाही, माझी आहे? त्याने तिचा उशीर वेळेवर झाला असता का?

३ मार्च, सोमवार

काही वाचलं नाही. दोनदा पुस्तक उघडलं.

५ मार्च, बुधवार

सोनम घरी आली. रडून झालं होतं, आता चिडली होती.

"काकू, मला वाटायचं माझा कान पक्का आहे. पूरी दुनिया के सामने! बचपनपासून गलत गात होते मी. आणि त्या दोघांनी पण कधी सांगितलं नाही."

"त्यांना कुठे माहीत होतं? तुमची रीतच आहे ना मूळ न ऐकायची."

"बकवास रीत आहे!"

चहा केला. बिस्किटं तिने चहात बुडवून मोडली. मी तिच्याकडे बघत होते. एका वाक्यात सांगता आलं असतं — ती मीच. ती जागा मी केली, आणि तू ती सुंदर केलीस. ती ऐकून काय करेल? माझ्यासाठी ती जागा ठेवेल. काकूंचा मान म्हणून. आणि एप्रिलमध्ये भरतीच्या क्लासला जाऊन बसेल.

मग ती म्हणाली, "तुम्ही मदत करा ना. तुम्ही स्कूलमध्ये मुलांची कवायत घ्यायच्यात. तुम्हाला टायमिंग कळतं. रिहर्सलला माझ्यासमोर बसा आणि हात दाखवा. तुमचा हात वर गेला की मी घुसणार. बस."

हो म्हटलं.

ती गेल्यावर लक्षात आलं, मी कशाला हो म्हटलं ते.

९ मार्च, रविवार

बापूंच्या जागी मी. हातात चहा नाही.

पहिल्यांदा हात वर केला, तिने बघितलं, तरी मागे राहिली. दुसऱ्यांदाही. तिचा श्वासच तिथे थांबायला शिकलेला. मग हळूहळू जमू लागलं. 'फिर' मात्रेवर पडायला लागला. बरोबर. स्वच्छ.

गौरांगने गिटार खाली ठेवली. "सोनम, गाणं सपाट झालं यार."

"बरोबर झालंय."

"बरोबरच झालंय. तेच म्हणतोय."

दशरथ म्हणाला, "पहले उस जगह खिड़की खुलती थी. अब सीधा दीवार है. आंटीजी, आप बताइए."

माझ्याकडे सगळे बघत होते. मी म्हटलं, बरोबर-चूक सर बघतील, तुम्ही पुन्हा घ्या. शिक्षिकेचा आवाज लागला. तो फार पटकन लागतो.

सोनम गौरांगवर ओरडली, "तुला फीलिंग सुचतात, मार्क माझे जातात! फायनल हरलो तर तुझा बाप क्लास लावणार आहे का तुला?"

"माझा बाप तर डायरेक्ट भरती करेल. बॉर्डरवर."

हसले तिघंही. मग पुन्हा घेतलं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. गौरांगच्या गिटारचा पांढरा पट्टा गुलाबी झाला. फोटो पाठवला, खाली लिहिलं — 'अब ये भी ओरिजिनल नहीं रहा.'

१६ मार्च, रविवार

सोनम आज एकदाही चुकली नाही. म्हणजे आज मी कुठेच नव्हते.

हे लिहिलं आणि वाचून बघितलं. अगदीच खोटं नाही, पण केवढं स्वतःचं कौतुक! एका चहाच्या कपाने झालेला उशीर. त्याला किती जपायचं?

संध्याकाळी मूळ गाणं लावून बसले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. त्या बाई काय गातात! तेव्हा मला पाठ करायचं होतं म्हणून फक्त चाल आणि शब्द ऐकू आले होते. त्यांचा 'फिर' धावतो, कारण त्यांच्या गाण्यातली मुलगी खिडकीत थांबणारच नाही. ती गेलीच आहे. आवाज मागून येतो. सोनमची मुलगी अजून खिडकीत आहे. दोन मुली. एकच खिडकी. एक गाणं गाताना त्या बाईंनी दुसऱ्या मुलीसाठी एवढी जागा सोडली, हेच थोर. वाईट गाण्यात दुसऱ्याला जागा नसते.

मनोहर पेपर वाचत होते. म्हणाले, "हे ते नव्हे."

"कोणतं?"

"काही नाही. चहा टाकतेस?"

२२ मार्च, शनिवार

शीतलाष्टमी. दशरथ सकाळी चाकसूहून मेळा करून आला, तसाच डबा घेऊन घरी. ताकातली बाजरीची राबडी, गुळाचे पुए. सगळं थंड.

"आज हमारे यहाँ चूल्हा नहीं जलता, आंटीजी. कल का बना हुआ, आज खाते हैं."

मनोहरनी दोनदा राबडी घेतली. दशरथ खूश झाला. मग म्हणाला, "वैसे हमारा बैंड भी यही है. पकाया किसी और ने. पर परोसना आना चाहिए."

जाताना दारात थांबला. उद्या ती मात्रा त्याला सरळ वाजवायची आहे, हात न उचलता. म्हणाला, हाताला समजावतोय.

२३ मार्च, रविवार

आत्ताच घरी आले. क्रमाने लिहिते.

मी तिसऱ्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. तसं ठरलं होतं, सोनमला माझा हात दिसावा म्हणून. बाजूला सुलोचना आणि पंढरीनाथ भाऊजी. भाऊजी आज आत बसले. इस्त्रीचा शर्ट. मागच्या रांगांत गोपालपुऱ्याची मुलं.

गौरांगची ती जाड तार. संध्याकाळ झाली. सोनमने पहिलं कडवं ठेवलं, हलकेच. अंतरा आला. तिने माझ्याकडे बघितलं.

मी हात वर केला. वेळेवर. अगदी मात्रेवर. हे मला नीट आठवतंय.

ती आली नाही.

तिने माझा हात बघितला, आणि आली नाही. दशरथला ते कसं कळलं माहीत नाही — त्याचे दोन्ही हात पेटीवरून वर उचलले गेले. गौरांगचा तळवा तारेवर. काही नाही. मागच्या मुलांनी श्वास धरला, तो मला पाठीला कळला. माझा हात तसाच हवेत.

'फिर.'

एवढं चांगलं ती कधीच गायली नव्हती. मूळ गाणं ऐकून झालं होतं. आता ती न ऐकता थांबत नव्हती, ऐकून थांबत होती.

योगेश सरांनी कागदावरून मान वर केली. गाणं संपेपर्यंत पुन्हा लिहिलं नाही.

दुसरा नंबर. पहिला एका कॉलेजच्या बँडचा. चांगले होते, खोटं कशाला बोलू. सर सोनमला म्हणाले, "टाइम पे नहीं आईं. लेकिन आज तुम्हें मालूम था कि नहीं आना है." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग स्वतःशीच म्हणाले, "नंबर कट गए, क्या करें!"

हॉटेल गेलं.

२४ मार्च, सोमवार

सोनम आली होती. डोळे सुजलेले, पण चिडकी नाही.

"काकू, सॉरी. तुम्ही एवढी मेहनत घेतली."

"माझा हात दिसला नाही का?"

"दिसला ना. एकदम करेक्ट होता. पण 'फिर' आलाच नाही. त्याचा टाइम नव्हता झाला." मग म्हणाली, "मूळ गाणं मस्त आहे. पण ते त्यांचं आहे. माझं हेच आहे. मतलब, मला असंच मिळालंय."

मिळालंय. हा शब्द तिने वापरला. मी उठून गॅस बंद केला. चालू नव्हता.

घरचं काय, विचारलं. तर काल परत जाताना भाऊजी रिक्षात पुढे बसले होते. मागे वळून म्हणाले म्हणे — गाडी सुटताना सगळं तयार असतं, सिग्नल मिळालेला असतो, तरी गार्ड झेंडा दाखवायच्या आधी एकदा मागे-पुढे बघतो. कोणी चढायचं राहिलं का. तसं वाटलं तू थांबलीस ते.

एवढंच. मग प्रताप नगर आल्यावर रिक्षावाल्याला वळायला सांगता सांगता, "क्लासचं जूनमध्ये बघू."

"जूनमध्ये काय बघणार आहेत, पप्पांनाच माहीत," सोनम म्हणाली. आणि हसली. पुढच्या रविवारी कॅफे आहे. दशरथला हातांना काही समजवायची गरज नाही आता.

ती गेल्यावर ठरवलं. तिला सांगायचं. आता सांगायला हरकत नाही. आता ती माझ्या मानासाठी थांबणार नाही. पण आधी ती कॅसेट बघायची आहे. लाल साडीतली बाई. मागे गाण्यांची नावं, माझं नाही. एकदा हातात घ्यायची, मग सोनमसमोर ठेवायची.

२९ मार्च, शनिवार

सुलोचनाकडे गेले. म्हटलं, ती जुनी कॅसेट बघायची होती. खिडकीच्या गाण्याची. सोनम लहानपणी ऐकायची ती.

"कायची कॅसेट, ताई? आमच्याकडे टेप होता कधी?"

"मग ती घरी ऐकलं म्हणते ते?"

सुलोचना हसायलाच लागली. "घरीच ऐकलं ना! तुमच्या-आमच्या मोरीत एकच भिंत होती, चार इंची. तुम्ही भांडी घासायला बसल्या की ही इकडे पाट घेऊन भिंतीशी. उठवलं तर भोकाड. मी म्हणायची, बस माय, काकूंची भांडी होईपर्यंत बस."

घरी आले. भांडी घासायला घेतली. तोंड घट्ट मिटून.

बाहेरून मनोहर म्हणाले, "काय गं, आज रेडिओ बंद?"